पेटीतली गॉगलवाली

काळा गॉगल. खिळे. माहेरची पिशवी. सारसोळे गावात पुतळाआजीनं आजोबांच्या पेटीत सापडलेला जुना फोटो त्यांच्यासमोर आपटला. "कोन हाय ही गॉगलवाली हेरॉईन? कोनाच्या मोटारीत बसलीय?" आजोबा हसले. आजी भडकली, माहेरी, मोरा गावाला जायला पिशवी भरू लागली. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या नातवानं फोटो मोबाइलवर मोठा केला. "शेवरलेट... नाही, प्लिमथ... आजी, दाराला हँडलच नाही. खिळे दिसतायत. ही गाडी प्लायवूडची आहे!" आजीचे हात थांबले. "बेलापूरची जत्रा! ही तं मीच! मोटार फोटोवाल्याची, गॉगल बी त्यानंच दिलता. फोटो दुसऱ्या दिवशी मिलनार व्हता, मी गेलेच नाय." "मी गेलतो," आजोबा म्हणाले. "मंग इतकी वर्सं लपवलात कशाला?" "दावला असता तं खरी मोटार मागितली असतीस." आजीनं पिशवी रिकामी केली. त्या जत्रेला दोघं अनवाणी चालत गेले होते.