दहा गोळ्या

“दहाच्या दहा गोळ्या पोटात गेल्या? नक्की?” डॉक्टर खुशनुमांनी मास्कमधून विचारलं.

काचेपलीकडे धर्मराजच्या तोंडावर ऑक्सिजन लावला होता. छाती भात्यासारखी हलत होती. पालीच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या त्यानंच खड्ड्यात टाकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप. बर्ड फ्लू. गावात आलेल्या सरकारी पथकानं त्याच दिवशी दहा गोळ्या हातात दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक.

“सगळ्या गेल्या की,” त्याची बायको विजयमाला म्हणाली. “त्यांना गिळता येईना. आत्याबाई गोळी फोडून दुधात द्यायच्या. मी सोता पाह्यलंय.”

आत्याबाई, म्हणजे धर्मराजची आई सुंदरबाई, बाकड्याच्या टोकाला बसली होती. सुनेकडून कौतुक ऐकायची तिला सवय नव्हती. तिनं मान खाली घातली.

“मग हे औषध त्याला लागू पडत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बंद करते. दुसरं पुण्याहून मागवलंय, उद्या दुपारपर्यंत येईल. तोवर...”

“आन ह्या गोळ्या गेल्याच नसत्या तर?” सुंदरबाईनं विचारलं.

“तर आत्ता, या मिनिटाला सुरू केल्या असत्या. उशीर झालाय, पण आशा होती. का हो, मावशी?”

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. मग तिचा धीरच सुटला. ताप आला त्याच दिवशी तिनं देवीच्या नावानं कोंबडा सोडला होता, पोरगं उठू दे म्हणून. पथक गावातल्या कोंबड्या मारायला आलं तेव्हा तो तिनं डालग्याखाली लपवला. संध्याकाळी त्यानंही दाणा सोडला. बोललेला कोंबडा मेला की देवी माणूस नेते, हे तिला लहानपणापासून पक्कं ठाऊक. तिनं पोराच्या दुधात देवीचा अंगारा कालवला आणि गोळ्यांची पूड कोंबड्याच्या चोचीत घातली. रोज. न चुकता.

“लेकाच्याच जिवासाठी केलं, म्याडम!”

डॉक्टर नर्सला हाका मारत आत धावल्या.

विजयमाला भिंतीला धरून उभी होती. ती सासूकडे वळली.

“मंग कोंबडा तरी जगला का?”

“न्हाई गं,” सुंदरबाई म्हणाली. “काल सांजच्याला दहावी गोळी पाजता पाजताच गेला.”