हललेला फोटो
नव्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर हात बसावा म्हणून मी रोज आईला खिडकीपाशी बसवायचो. आधी रिकाम्या खुर्चीचा फोटो काढून उजेड जोखायचो, मग तिला हाक मारायचो. कंपवातानं तिची मान, हात सारखे थरथरायचे, फोटो हलायचा. “दोन सेकंद नीट बसवत नाही का तुला?” मी खेकसायचो. “बसते रे बाबा,” म्हणत ती हात मांडीखाली दाबून धरायची. मग मान हलायची. हललेला फोटो ठेवायचा नाही, असा क्लासमधल्या सरांचा दंडक. मी तिच्यादेखत पुसून टाकायचो. शटरचा वेग वाढवला की थरथरसुद्धा गोठते, हे सरांनी सोमवारी शिकवलं. तसाच पळत घरी आलो, तर दारात शेजारी जमलेले. आज ताई म्हणाली, “फ्रेमसाठी आईचा फोटो दे, तुझ्या कॅमेऱ्यातला.” कार्ड उघडलं. प्रत्येक फोटोत तीच रिकामी खुर्ची, जराही न हललेली.