रांग तिसरी, खुर्ची एकोणीस

शिट्टी वाजली तेव्हा धैर्यशीलचं डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं होतं. तरी पेनल्टी त्याच्याच नावावर होती.

यंदापासून कोल्हापुरात फुटबॉलला रेफ्री म्हणून यंत्र होतं, आणि ते पायांआधी मन तपासायचं. परवा एका गोलकीपरनं चावायचा नुसता विचार केला, तरी पेनल्टी बसली. म्हणून धैर्यशीलनं सहा महिने ध्यान केलं होतं. गेल्या वर्षी विहीरगल्लीच्या संग्रामनं त्याचा गुडघा मोडला होता; त्याचा सूड फायनल जिंकूनच घ्यायचा होता. एक-शून्य पुढे असताना शेवटच्या मिनिटाला त्यानं संग्रामच्या पायातला बॉल अलगद काढला होता.

"माझ्या मनात काही नव्हतं," तो म्हणाला.

"तुमच्या नव्हतं," यंत्र म्हणालं. "रांग तिसरी, खुर्ची एकोणीस. तुमच्या आत्या. हेतू तंगडी मोडण्याचा. घरच्यांचा हेतू खेळाडूच्या नावावर धरतात."

आठ महिने धैर्यशीलच्या गुडघ्याला तेल चोळणारी आत्या छत्री घेऊन शांतपणे मैदानात उतरली.

"यंत्रदादा, ह्या फाऊलची शिक्षा झाली न्हवं?"

"झाली."

"परत हुईल का?"

"एका गुन्ह्याला एकच पेनल्टी."

"मग फाऊल तेवढा ऱ्हायलाय," असं म्हणून आत्यानं छत्रीचा दांडा संग्रामच्या नडगीवर बसवला.

यंत्राची शिट्टी वाजली नाही. संग्रामनं लंगडत मारलेल्या पेनल्टीचा बॉल रांगत गोलकीपरच्या हातात गेला.

सहा महिन्यांत पहिल्यांदाच धैर्यशीलच्या डोक्यात एक वाकडा विचार आला. यंत्रानं तो वाचला, पण तोवर मॅच संपली होती.