गोंड्यांची मुसकी

वरातीचं माझं तट्टू लंगडायला लागलं. रक्त तपासून जनावरांच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. “गोड खाऊन इन्सुलिन वाढलंय, त्यानं खूर सुजलेत! गूळ, हरभरा बंद, वरातीत शकुनाला भरवतात तोसुद्धा. नाहीतर खूर कायमचे जातील.” तसं त्यांनी चिठ्ठीवर लिहून खाली सहीबी ठोकली. तवापासून वरातीत त्याच्या तोंडाला गोंडे लावलेली मुसकी असती. परवा कर्जतला डॉक्टरांच्याच पोराची वरात होती. नवरदेव चढायच्या आधी डॉक्टरच गूळ-डाळीचं ताट घेऊन आले. “मुसकी काढ. रीत आहे, आजच्या दिवस चालतं.” मी खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढं धरली. “साहेब, सही तुमचीच हाय.” बँड थांबला. डॉक्टर वरमले, पण शकुनाचं ताट परत कसं न्यायचं? त्यांनी गुळाचा खडा आपल्याच तोंडात टाकला. डॉक्टरीणबाई मागून कडाडल्या, “अहो, शुगर तीनशे आहे तुमची!” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “दादा, ती मुसकी इकडे द्या.”