पाठीमागचा नारळ

कोणाला खरं वाटणार नाही, पण काल अंगणात माझ्या पाठीमागे नारळ सुटला. देठ नुसता कुरकुरला, तेवढ्यावर मी गर्रकन वळून सापासारखा जमिनीसरसा झालो. नारळ बिचारा मागाहून पडला. साठ वर्षं कळरीच्या आखाड्याच्या मातीत घाम गाळलाय. आता चुकवायचं कसं, हे मला विचारावं लागत नाही, अंगच ठरवतं.

हे मी माझ्या मुलीला, वत्सलाला, ऐकवत होतो. कारण सकाळीच ती म्हणाली होती, "अच्चन, यंदा पोरांना तलवार मी शिकवते. तुम्ही नुसते बसा." गुडघे गेलेत, खांदा उठत नाही, सगळं कबूल. पण तलवारही गेली तर नुसतं बसून माणसानं करायचं काय?

गोष्ट संपली तरी वत्सला माझ्या खांद्यावरून मागेच बघत होती. मग माझा हात हातात घेऊन ती मोठ्यानं म्हणाली,



"अच्चन, अम्मानं आत्ता तुमच्या पाठीमागे पितळेचं मोठं पातेलं आपटलं. दुसऱ्यांदा."