पहिला अपघात माफ

“पहिला अपघात माफ म्हणजे काय?” मास्तर विमावाल्यावर डाफरले. “मला अपघात होतच नाही. मग माफी कसली विकताय?”

विमावाल्याने शांतपणे समजावलं. थोडे पैसे जास्त भरायचे. गाडी पहिल्यांदा कुठे धडकली तरी पुढच्या वर्षी हप्ता वाढत नाही. घरातलं कोणीही चालवत असलं तरी.

‘घरातलं कोणीही’ म्हटल्याबरोबर मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बाई खाली मान घालून चादरींच्या घड्या घालत होत्या. विमावाल्याला बोलावणं त्यांनीच धाडलं होतं.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती. फक्त आपल्या बायकोला ती येत नाही असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी कधी स्वतःपाशी ठेवलं नाही. मुलगी बालवाडीत असताना बाईंनी गाडी मागे घेताना पार्किंगच्या खांबावर घातली. मास्तर तेव्हा शेजारीच बसले होते, त्यामुळे वर्णनात कसूर नव्हती. मुलगी आता कॉलेजात होती, तरी पाहुणे आले की मास्तर तो खांब दाखवायला नेत. बाईंनी त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता त्यांच्या आईला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यायचं होतं, आणि मास्तरांना वेळ नव्हता.

“ही चालवणार असेल तर एका माफीत भागायचं नाही,” मास्तर म्हणाले. “घाऊक भावात काही आहे का?”

विमावाला हसला. बाईंचा चेहरा पाहून थांबला. “आधी गाडीचे फोटो काढू,” तो म्हणाला. “जरा उजेडात घ्यावी लागेल.”

बाईंनी हातातली चादर तशीच टाकली आणि खुंटीवरची किल्ली उचलली. “मी घेते.”

“अगं ए!” मास्तर चपला न घालताच मागे धावले. ते शेजारच्या सीटवर जेमतेम टेकले तोवर गाडी सुरू झाली होती. रिव्हर्स पडला. आरशात खांब दिसला. तोच. गाडी मागे सरकली, आणखी सरकली. मास्तर गप्प. भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, खांब जवळ येत होता तरी चकार शब्द काढत नव्हता.

बाईंनी ब्रेक दाबला. खांब वीतभर लांब राहिला. त्यांनी बाजूला पाहिलं. मास्तर सीटला पाठ रेटून, ओठ आवळून, पायाखालचं मॅट जीव खाऊन दाबत होते.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक असे. शिकणारा चुकला की ते बोलत नसत, दाबत. बोलणं नंतर, पोटभर. घरच्या गाडीत तिथे काहीच नव्हतं.

“त्या दिवशीही हेच केलंत ना?” बाई म्हणाल्या. “खांब दिसला होता तुम्हाला. तोंडाने ‘थांब’ म्हणाला नाहीत. हे दाबत बसलात.”

मास्तरांनी पाय हळूच मागे घेतला. त्यांचे कान लाल झाले. बाईंना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच इतक्या वर्षांच्या रागाने डोळे भरून आले.

विमावाला खिडकीशी वाकला. “मग काय ठरलं? घ्यायची का माफी?”

“घ्या,” मास्तर पुटपुटले.

“ती मागच्या अपघातालाही चालते का हो?” बाईंनी विचारलं.

“नाही वहिनी, इथून पुढच्याच.”

“मग ह्यांचं काही खरं नाही,” बाई म्हणाल्या, आणि मास्तरांना उतरू न देताच त्यांनी गाडी आईच्या घराकडे काढली.