दातांचं वय

"चेहऱ्यावरून ओळख पटायची नाही," डॉक्टर म्हणाले. "दाढा तेवढ्या शाबूत आहेत. त्यावरून बघतो." आणि त्यांनी शवागाराचं दार लोटून घेतलं.

बाप जीव मुठीत धरून बाकावर बसला. आगीत गोदामाची राखरांगोळी झाली होती. आत दोघंच कामावर होते. पार्सलं बांधणारा त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीला टेकलेला पहारेकरी. ढिगाऱ्यातून देह एकच निघाला होता. दुसऱ्याचा शोध अजून चालू होता.

समोर पहारेकऱ्याची बायको मांडीवरची पिशवी आवळून बसली होती. सकाळपासून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? एकाचं मागणं पुरं व्हायचं, तर दुसऱ्याचं घर बसणार होतं.

दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला.

"पक्कं डीएनएवरूनच कळेल. पण दाढा पार सपाट झिजल्यात, वरचं कवच गेलंय. माणूस पन्नाशीच्या आसपासचा दिसतोय."

बाई बसल्या जागी कोसळली. डॉक्टर तिला सावरायला धावले.

बापाच्या जिवात जीव आला. इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली. पोरगं मागच्या खिडकीतून सटकलं असणार. घाबरून बसलं असेल कुठंतरी. भेटलं की आधी एक थोबाडीत ठेवून द्यायची आणि मग पोटाशी धरायचं. डोळे पुसत तो जिन्याकडे गेला. त्यानं घरी फोन लावला.

"अगं, रडू नकोस! आपला नाही तो. दात बघितले त्यांनी. पन्नाशीचे आहेत म्हणे, पार झिजलेले!"

त्यानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकतेयस ना? पन्नाशीचे!"

"अहो..." बायको म्हणाली. "गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी आपल्या पोराला हेच सांगितलं होतं. कामावर झोप येऊ नये म्हणून दिवसभर एनर्जी ड्रिंकचे कॅन ढोसतो आणि झोपला की कराकरा दात खातो. त्या पेयातल्या आम्लानं आणि घासण्यानं तेविशीतच पन्नाशीचे दात झालेत म्हणाले. तुम्ही ओरडाल म्हणून आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."